जीपची बॉडी रबरं बदलली: ऑनलाइन किटला एक स्टार, नाना पेठेला चार, मिस्त्रीमामांना साडेचार

आधीच सांगतो, हे लांबणार आहे, कारण बॉडी आणि खालची चेसिस (सांगाडा) यांच्या मधल्या रबराच्या दहा जोड्यांपायी माझे तीन रविवार गेलेत आणि पैसे दोनदा गेलेत, त्यामुळे ज्याला नुसता आकडा पाहिजे त्यानं खाली जाऊन खर्च बघावा आणि ज्याच्याकडं जुनी जीप आहे त्यानं चहा घेऊन बसावं.

गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, १९९१ ची. आबांनी सेकंडहँड घेतलेली, ऊस, पेंड, माणसं, लग्नाचं वऱ्हाड सगळं वाहून झालंय तिचं. इंजिन तेच प्यूजोचं एक्सडीपी, २११२ सीसी, थंडीत सकाळी सुरू केलं की शेजारच्यांना गजर लागत नाही. आता रोजची गाडी नाही, रविवारी बाहेर काढायची आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडं एखादी चक्कर, बस.

तर दोन वर्षं झाली, खड्ड्यातून गेली की खालून खट् असा आवाज आणि घाटात वळण घेताना जुनी लोखंडी ट्रंक उघडल्यासारखं कुईऽऽ. मी आपला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि शॅकल (पाट्यांच्या टोकाचे दुवे) यांच्या मागं. शॅकल बुश बदलले, शॉकअप्सर बदलले, यू बोल्ट टाइट केले, आवाज तिथल्या तिथं. एका गॅरेजमध्ये तर "जीप आहे सर, आवाज करणारच" म्हणून हातात चावी परत दिली. नंतर हळूहळू अजून गोष्टी दिसायला लागल्या, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा डॅशखालच्या क्लॅम्पला घासून चकचकीत झालेला, चौथा गिअर टाकला की लिव्हर पत्र्याच्या भोकाच्या कडेला टेकतोय, आणि ड्रायव्हर सीटच्या खाली बोल्टपासून निघालेली एक बारीक चीर. ही चीर बघून मात्र पोटात गोळा आला, कारण पत्रा एकदा फाटायला लागला की थांबत नाही.

मग मिस्त्रीमामांकडं गेलो. नाव देत नाही, त्यांनाच नको असतं, आधीच गिऱ्हाईक जास्त झालंय म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला शेड आहे, पासष्टी ओलांडलेला माणूस, आबांच्या काळापासून आमच्या गाडीला हात लावणारा. ते खाली पण झोपले नाहीत. एक पहार घेतली, चेसिस आणि बॉडीच्या फटीत घातली आणि नुसती दाबली, तर अख्खी बॉडी पडायला आलेल्या दातासारखी हलली. "गाडीला काय झालं न्हाई ओ, बॉडी बसलीया. रबरं संपली समदी." दोन वर्षांचं कोडं अर्ध्या मिनिटात सुटलं आणि त्याचे त्यांनी पैसे पण घेतले नाहीत.

ज्यांच्याकडं फक्त मारुती-ह्युंदाई आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲम्बेसिडर, पद्मिनी, आजच्या जवळपास सगळ्या कार, यांची बॉडी हाच सांगाडा असतो, त्यामुळे त्यांना ही भानगडच नाही. जीपला खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, आणि वर बॉडीचा डबा नुसता बोल्टनं ठेवलेला. त्या दोघांच्या मधे रबर. सुमो, बोलेरो, जिप्सी, आणि कुणाकडं स्टँडर्ड हेराल्ड अजून जिवंत असेल तर ती पण, सगळे याच जातकुळीतले. रबराचं एक काम सगळ्यांना माहीत असतं, हादरे आणि आवाज खाणं. पण दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. गाडी वाकड्यातिकड्या रस्त्यावर गेली की चेसिस पिळली जाते, ती तशीच बनवलेली असते, आणि रबर दबून-फुलून तो पीळ वर पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. रबर मेलं की पीळ सरळ बोल्टच्या भोकावर येतो आणि तिथून पत्रा फाटतो. माझी चीर तिथलीच. जुन्या विलीज जीपला तर रबर मिसळलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्याच असायच्या, त्यामुळे आपली जीप त्या मानानं सुखी.

आता खरेदी. आणि इथं मी शहाणपणा केला.

मामा म्हणाले होते की आधी जुनी रबरं काढू, माप घेऊ, मग आणू. मला घाई. ऑनलाइन "हेवी ड्यूटी बॉडी माउंटिंग किट, ओरिजिनल क्वालिटी" दिसलं, १,८५० रुपये, फोटो झकास, टाकली ऑर्डर. सहा दिवसांत आलं, हे एकच चांगलं. पिशवी उघडली तर जळक्या टायरचा वास, हाताला काळं लागलं ते साबणानं पण निघेना. व्हर्नियर लावला तर एकाच जातीचे तुकडे, कुठला १६ मिमी जाड, कुठला १९. आता विचार करा, डब्याच्या एका कोपऱ्यात १६ आणि दुसऱ्यात १९ घातलं तर बॉडी काय सरळ बसणार आहे का. माझा एक मित्र शिरोली एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या कंपनीत आहे, तो खिशात कडकपणा मोजायचं ते घड्याळासारखं मीटर घेऊन आला. शोर ए स्केलवर रीडिंग आलं ७८, ८२, ८५. म्हणाला, "बॉडीला साठ-पासष्टच्या आसपास पाहिजे रे, हे ट्रॉलीच्या चाकाचं रबर आहे." त्याचं म्हणणं, जुन्या टायरचा भुगा भरपूर घातला की असा वास, असा रंग आणि असा कडकपणा येतो. विक्रेत्याला फोटो पाठवले, माप पाठवलं, मीटरचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की पाकीट उघडलेला माल परत घेत नाही. पाकीट न उघडता व्हर्नियर कसा लावायचा ते मात्र सांगितलं नाही. एक स्टार, तो पण कुरिअरवाल्याच्या नावानं.

पॉलियुरेथेनचा विचार केला होता. भाव ऐकला सात हजाराच्या पुढं. ऑफरोड करणारी पोरं त्याची शपथ घेतात आणि चूक नाही त्यांचं, ऑइल-डिझेलनं फुगत नाही, दबून कायमचं चपटं होत नाही, बॉडी जाग्यावरून हलत नाही. पण ते साध्या रबरापेक्षा कडक असतं आणि माझं इंजिन आहे जुनं डिझेल, आयडलला आधीच गाडी थंडी वाजल्यासारखी कुडकुडते. ते सगळं सरळ सीटमधून कमरेत घ्यायचं म्हणजे नको. कोल्हापूर-गगनबावडा-कोल्हापूर एवढ्यासाठी रबरच बरं. आणि एकानं "जुना स्टॉक, ओरिजिनल, पॅक" असं पण दाखवलं, पाकीट पिवळं पडलेलं. ते घेऊ नका. रबर गाडीला लावलं नाही म्हणून तरणं राहत नाही, हवेनं ते कपाटात पण म्हातारं होतं. नखानं दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला, ठेवून आलो.

मग गपचूप मामांकडं जाऊन दोन जुने नमुने काढून घेतले आणि बहिणीकडं पुण्याला गेलो तेव्हा नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, शिरलो. दुकानाचं नाव सांगणार नाही कारण बोर्डच दिसला नाही नीट, वर पाट्यांची चळत आणि खाली बेअरिंगची खोकी. गल्ल्यावरच्या काकांनी नमुना हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "डिझेल का पेट्रोल?" मला हा प्रश्नच आवडला. तीन प्रकार काढून ठेवले आणि स्वतःच अंगठ्यानं दाबून एक बाजूला सारला, "हे देत नाही तुम्हाला, कडक झालंय." जे दिलं ते दोन तुकड्यांचं, वरच्या रबराला खालून कॉलर, ती चेसिसच्या ब्रॅकेटच्या भोकात बसते, आणि खालून दुसरं चपटं रबर. जोडीला १४० रुपये, दहा जोड्या १,४००, वर जाड वॉशर २५ ला एक असे वीस. घरी येऊन मित्राच्या मीटरनं बघितलं तर सगळी ६३ ते ६६ मधे. एका तुकड्याचं भोक मधोमध नव्हतं, दोघांना कडेला मोल्डिंगचं जास्तीचं रबर होतं, ते तिथंच दाखवलं तर कुरकुर न करता बदलून दिले. एक स्टार कापतोय तो बिलासाठी. तीनदा मागितल्यावर वहीच्या कागदावर लिहून दिलं, आणि तेही "रबर सामान" एवढंच. पार्किंगबद्दल बोलत नाही, नाना पेठेत गाडी घेऊन जाणाऱ्याचा तो स्वतःचा गुन्हा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला ना ऑनलाइनवाल्यानं सांगितलं ना काकांनी. रबराच्या आत लोखंडी स्लीव्ह लागते. नळीचा तुकडा, त्यातनं बोल्ट जातो. ती नसेल तर काय होतं, तुम्ही नट आवळत जाता, रबर दबत जातं, कधी थांबायचं ते कळत नाही, शेवटी रबर पुरीसारखं चपटं होऊन बाजूनं फुगतं आणि सहा महिन्यांत फाटतं. मग लोकं म्हणतात रबर डुप्लिकेट होतं. स्लीव्ह असली की नट स्लीव्हला येऊन टेकतो आणि रबर जेवढं दबायला पाहिजे तेवढंच दबतं. माझ्या गाडीच्या ओरिजिनल स्लीव्ह गंजून बोल्टलाच चिकटलेल्या, कापूनच काढाव्या लागल्या.

मग उद्यमनगरात टर्नरकडं. कोल्हापुरात राहण्याचा हाच फायदा, शंभर पावलांवर लेथ. हिशोब असा: वरचं रबर १८ मिमी, ब्रॅकेटचा पत्रा ४, खालचं रबर १४, झाले ३६. स्लीव्हची लांबी ३२ ठेवली, म्हणजे आवळल्यावर दोन्ही रबरं मिळून ४ मिमी दबतात. मित्र म्हणाला दहा-पंधरा टक्के दबलं की पुष्कळ, ३२ मिमी रबरात ४ म्हणजे साडेबारा टक्के, बरोबर मधे. सीमलेस (बिनसांध्याचा) पाइप, बाहेरून १६, आतून साडेदहा. टर्नरनं विचारलं कशाला पाहिजे, सांगितलं, तर लेथ बंद न करताच ओरडून म्हणाला, "झिंक करून घे मग, न्हाईतर परत गंजून बोल्ट धरून बसतंय!" दहा नग, ५५ रुपयांप्रमाणं ५५०, झिंकचे २०० वेगळे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार, दहाच्या दहा व्हर्नियरला एकसारख्या, मी सगळ्या मोजल्या कारण आता माझा कुणावर विश्वास राहिला नव्हता. पाच स्टार, आणि तिथं बिल पण छापील मिळालं.

काम. मामांनी शनिवार सांगितला होता, शनिवारी फोन उचलला नाही, भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते, रविवारी सुरू केलं. अर्धा स्टार इथं गेला. पण बुधवारपासून त्यांनी मला रोज संध्याकाळी सगळ्या बोल्टवर गंज सोडवायचं ऑइल मारायला लावलं होतं, तरी दहातले तीन तुटलेच. दोन ठिकाणी पत्र्याच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर गरागरा फिरायला लागला, दोन्ही ड्रायव्हर सीटखालीच. तिथं फ्लोअरला आगपेटीएवढी खिडकी कापली, नवीन नट जाड पट्टीला वेल्ड करून आत बसवला, खिडकी बंद, वर रेड ऑक्साईड. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली, हे लिहून ठेवा. ती चीर पण तेव्हाच भरून घेतली, टोकाला आधी बारीक भोक पाडून, म्हणजे पुढं सरकत नाही.

उचलायची पद्धत बघण्यासारखी होती. स्टिअरिंगचा क्लॅम्प ढिला, गिअर लिव्हरचं रबरी बूट सुटं, बॉडीची अर्थिंगची पट्टी सोडली, चेसिसवरून बॉडीत जाणारा प्रत्येक पाइप आणि वायर टॉर्च मारून बघितली की ताण कुठं येतोय. मग डावीकडचे बोल्ट फक्त ढिले, काढायचे नाहीत, आणि उजवीकडचे पूर्ण बाहेर. बाभळीची जाड फळी फ्लोअरच्या खालच्या चॅनलला लावून तिच्याखाली बॉटल जॅक, पत्र्याला जॅक लावला तर जॅक वर येतो आणि बॉडी तिथंच राहते. उचलली किती, तर जेमतेम दीड इंच. आणि हात घालायच्या आधी दोन्ही बाजूला लाकडी ठोकळे. मी एकदा ठोकळा लावायच्या आधीच वॉशर उचलायला हात घातला तर मामांनी पान्ह्यानं मनगटावर मारलं, खरंच मारलं. पुढचा अर्धा तास ते माझ्याशी बोलले नाहीत.

आत काय निघालं ते ऐका. दहा पॉइंट. (माझ्या गाडीला दहा, तुम्ही तुमचे मोजा, मागच्या मालकांनी काय काय केलेलं असतं.) चार ठिकाणी जुनी रबरं, टोस्टसारखी कडक, नखानं खरवडली तर भुकटी. दोन ठिकाणी ट्रकच्या टायरचे तुकडे, दोरे बाहेर आलेले. तीन ठिकाणी कन्व्हेअर बेल्टचे चौकोन. आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात एक स्लीपरचा तळ! निळ्या रबरी स्लीपरचा पुढचा भाग गोल कापलेला, अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक बोल्टला बरोबर बसलेलं. कोल्हापुरात जीप आणि तिच्याखाली चप्पल ती पण कोल्हापुरी नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. बेल्टचा चौकोन मामांनी हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि मग म्हणाले, "ह्यो मीच घातलाय बहुतेक. आबांच्या टायमाला." थोडा वेळ थांबून, "पर टिकला की." स्लीपर मात्र माझी नाही असं शपथेवर सांगितलं.

ब्रॅकेटवर गगनबावड्याची लाल माती वाळून दगड झालेली, निम्मी बादली निघाली. तीच ओल धरून ठेवते आणि रबराच्या आधी लोखंड खाते. एका ब्रॅकेटचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं, तिथं जाड वॉशर वेल्ड करून भोक परत गोल केलं. सगळं तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर, वरून काळा. बोल्ट नवीन, ८.८ ग्रेडचे. दहाही बोल्ट आधी हातानं लावून घेतले, एक पण आवळला नाही, बॉडी आपोआप जाग्यावर बसू दिली, मगच कोपऱ्याकोपऱ्यानं पान्हा. हवेची गन हातात पण घेतली नाही. अर्थिंगची पट्टी शेवटी परत लावली, ती विसरलात तर रबरामुळं बॉडीचं अर्थिंग चेसिसपासून तुटतं आणि लाइटं डिम, हॉर्न घोगरा, मग वायरमनकडं हेलपाटे.

खर्च एकदम: रबरं १,४००, वॉशर ५००, स्लीव्ह ५५०, झिंक २००, बोल्ट ३५०, वेल्डिंग ८००, मामांची मजुरी दोन दिवसांची ४,५००. झाले ८,३००. शिवाय ऑनलाइन किटचे १,८५० पाण्यात, ते तुकडे सध्या घरच्या पाण्याच्या मोटरीखाली घातलेत, तिथं बरे आहेत.

फरक? आधी साठच्या वर गेलं की आतल्या आरशात मागची गाडी म्हणजे नुसता थरथरणारा डाग, आता नंबर प्लेट वाचता येते. चौथा गिअर मोकळा पडतो. करूळ घाटात उतरताना ती ट्रंक वाजत नाही, एकदाच पाट्याचा आवाज आला, तो पाट्याचाच, ओळखीचा. आयडलला कुडकुडणं मात्र थोडंच कमी झालंय, त्याला इंजिन माउंटिंग वेगळी बघायला पाहिजेत असं मामा म्हणाले, आणि ते खरं असणार. पाचशे किलोमीटरनंतर परत पान्हा लावला, तीन नटांनी पाव-पाव आटा घेतला, बाकी घट्ट.

एक काम राहिलंय. डबा साधारण ८ मिमी वर आला, बॉनेट डब्याला बिजागरीवर आहे, पण पुढची जाळी चेसिसवर तिच्या स्वतःच्या वेगळ्या रबरावर बसते आणि ते रबर मी बदललं नाही, कारण ते ना ऑनलाइन किटमध्ये होतं ना मला सुचलं. त्यामुळं जाळी आहे तिथंच खाली आणि बॉनेटची डावी क्लिप लावायला बुक्की मारावी लागते. ऑर्डर देताना जाळीखालचं रबर पण आठवणीनं मागा. माझं आता पुढच्या महिन्यात, बहिणीकडं जाईन तेव्हा, आणि यावेळी जुना नमुना आधीच काढून खिशात ठेवलाय.